उत्तरं जुळली नाहीत म्हणून

"नमस्कार ताई,

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी दहावीत आहे. मे महिन्यात तिची एपी वर्ल्ड हिस्टरीची, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची जागतिक इतिहासाची, परीक्षा झाली. शाळेतून येऊन गाडीत बसली तेव्हा खुशीत होती. 'आई, डीबीक्यू मस्त गेला' म्हणाली. डीबीक्यू म्हणजे दिलेल्या कागदपत्रांच्या आधारे लिहायचं उत्तर. संध्याकाळी मैत्रिणींच्या ग्रुपवर 'तू काय लिहिलंस, तू काय लिहिलंस' सुरू झालं. रात्री साडेअकराला तिच्या खोलीत डोकावले तर पांघरुणात फोनचा उजेड आणि उशीशेजारी वहीचा फाडलेला कागद. त्यावर १ ते ५५ आकडे. काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे फुली, बऱ्याच ठिकाणी प्रश्नचिन्ह. फुल्या चौदा. शिवाय मोठ्या निबंधात हिने जे मांडलं त्याच्या नेमकं उलट तिच्या जिवलग मैत्रिणीने मांडलंय, आणि ती मैत्रीण वर्गात पहिली येणारी. 'म्हणजे माझा अख्खा निबंधच चुकला' म्हणून रडणं. ग्रुपवर कुणीतरी बहुपर्यायी प्रश्नही टाकत होतं. हिनेही दोनांची उत्तरं लिहिली. मग एकीने सांगितलं, असं केलं की स्कोअर रद्द होतो. आता ती भीती वेगळीच. पुढच्या आठवड्यात आणखी एका विषयाचा पेपर आहे आणि ही पुस्तक उघडत नाही. गाडीत मीही विचारलं होतं, 'बाकीच्यांचं काय आलं?' त्याचं आता वाईट वाटतंय. फोन काढून घेऊ का? आणि खरंच एवढं चुकलं असेल का?

एक आई"

प्रिय ताई,

सगळ्यात आधी निबंधाचं सांगते, कारण पोरगी त्यासाठी रडते आहे. मैत्रिणीने उलट मांडलं म्हणून तुमच्या लेकीचं चुकलं, असं अजिबात होत नाही. मी अनेक वर्षं इतिहास शिकवला आणि त्याहून जास्त पेपर तपासले, म्हणून हे ठामपणे सांगते. गणितात दोघींची उत्तरं वेगळी आली तर एकीचं तरी नक्की चुकलेलं असतं. इतिहासाच्या निबंधात दोघींची उत्तरं वेगळी येतात आणि दोघींनाही पूर्ण गुण मिळू शकतात. परीक्षकाच्या हातात 'बरोबर मत' लिहिलेला कागद नसतो. त्याला एवढंच पाहायचं असतं की मुलीने काही दावा केला का, तो इतिहासाच्या आधारावर टिकतो का आणि त्याच्यामागे तिने पुरावा उभा केला का.

मोठ्या निबंधाला सहा गुण असतात. दाव्याला एक, त्या काळाची पार्श्वभूमी मांडण्याला एक, पुराव्याला दोन आणि विश्लेषणाला दोन. 'मैत्रिणीशी जुळलं का' याला त्यात कुठेच जागा नाही.

खऱ्या पेपरातला प्रश्न मी इथे घेणार नाही, का ते पुढे सांगते. माझ्या मनचाच एक घेते. समजा विचारलं की १४५० ते १७५० या काळात अमेरिका खंडातल्या चांदीने आशियाचा व्यापार किती बदलला?

एक मुलगी लिहिते, फार बदलला. आजच्या बोलिव्हियात असलेल्या पोटोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये स्पॅनिश लोकांना चांदीच्या साठ्याचा पत्ता लागला. तिथल्या मूळ रहिवाशांना सक्तीने खाणीत उतरवून ती काढली गेली. १५७१ मध्ये स्पेनने मनिला वसवलं, आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून चांदीने भरलेली जहाजं प्रशांत महासागर ओलांडून तिथे येऊ लागली. चीनमध्ये मिंग दरबार कर चांदीत घेत होता, त्यामुळे चांदीची भूक तिथे मोठी होती. त्याआधी अमेरिका खंड आणि आशिया यांच्यात असा नियमित व्यापार कधी नव्हता. म्हणजे बदल मोठा.

दुसरी लिहिते, वरवर बदलला, आतून तोच राहिला. रेशीम आणि चिनी मातीची भांडी चीनचीच, सुती कापड भारताचंच. हिंदी महासागरातली गलबतं आधीसारखीच मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत होती. गुजराती व्यापारी शतकानुशतकं करत होते तो व्यवहार करतच राहिले. युरोपीय लोक आले ते आधीच भरलेल्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून आले, आणि चांदी नसती तर त्यांच्याकडे विकायला फारसं काही नव्हतंच. म्हणजे सातत्य मोठं.

ताई, या दोन मुली एकाच बाकावर बसून एकमेकींच्या उलट लिहितात आणि दोघींचंही म्हणणं पटतं. दोघींच्या हाताखाली पुरावा आहे. उलट, विश्लेषणाच्या दोन गुणांपैकी जो मिळायला सगळ्यात कठीण असतो तो मिळवण्याची एक वाट म्हणजे आपलं म्हणणं मांडून झाल्यावर समोरच्या बाजूचंही वजन ओळखणं. तुमच्या लेकीला मैत्रिणीचा जो निबंध तिच्या विरोधात उभा आहे असं वाटतंय, तो तिच्याच निबंधाचा एक परिच्छेद होऊ शकला असता.

आणि एक अगदी साधी गोष्ट. या परीक्षेत मोठ्या निबंधासाठी तीन प्रश्न देतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. तिन्ही वेगवेगळ्या कालखंडांवरचे. दोघींनी एकच प्रश्न निवडला होता याची तिला खात्री आहे का? रात्री साडेअकराला, आठ जणी एकदम लिहीत असताना, कोण कुठल्या प्रश्नाबद्दल बोलतंय हे कळणं सोपं नसतं.

इथे मला माझी एक विद्यार्थिनी आठवते. जपानमधला १८६८ चा मेइजी बदल, म्हणजे तोकुगावा घराण्याची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने राज्य सुरू होणं, का घडला, असा प्रश्न मी चाचणीत घातला होता. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी १८५३ मध्ये आलेली कमोडोर पेरीची अमेरिकन जहाजं हेच कारण धरलं. ते कारण खरंच आहे, पुस्तकात ठळक दिलेलं आहे. हिने मात्र लिहिलं होतं की जहाजं येण्याआधीच आतून पोखरलं गेलं होतं. कर्जात बुडालेले खालच्या दर्जाचे सामुराई, सात्सुमा आणि चोशू या प्रांतांची तोकुगावा सत्तेवरची जुनी खुन्नस, दुष्काळ आणि शेतकऱ्यांचे उठाव. तिच्या मते पेरीची जहाजं ही ठिणगी, दारू आधीच साठलेली होती. पेपर सुटल्यावर व्हरांड्यात सगळ्या मुलींनी 'पेरी, पेरी' म्हटलं आणि हिचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मला पेपर परत मिळेल का? शेवटचं उत्तर खोडून पुन्हा लिहायचंय." तिचा पेपर माझ्या टेबलावर तपासून झालेला होता. त्या उत्तराला वर्गातले सर्वांत जास्त गुण मी तिलाच दिले होते. मी तो तिच्यासमोर ठेवला. तिने आकडा पाहिला, तरी तिचं पहिलं वाक्य होतं, "पण बाकीच्यांचं तर वेगळं आलंय." गुण डोळ्यांसमोर असूनही तिला व्हरांड्यातली उत्तरंच जास्त खरी वाटत होती. हे किती खोल जातं ते मला त्या दिवशी कळलं, म्हणून तुमच्या लेकीच्या रडण्याला मी पोरकटपणा म्हणणार नाही.

आता त्या कागदाकडे येऊ. १ ते ५५.

बहुपर्यायी विभागात ५५ प्रश्न आणि ५५ मिनिटं. हे प्रश्न सुटे नसतात. एक उतारा, नकाशा, चित्र किंवा तक्ता देतात आणि त्यावर तीन-चार प्रश्न. उत्तर त्या उताऱ्यात आणि तिच्या अभ्यासात मिळून दडलेलं असतं. आता उतारा समोर नाही, पर्यायांचे शब्द आठवत नाहीत, आणि ग्रुपवर कुणी म्हणतं, 'त्या करांच्या प्रश्नाला मी सी टाकलं.' कुठल्या करांचा? त्यात 'मुख्यतः' हा शब्द होता की नव्हता? एका शब्दाने उत्तर फिरतं. त्यात सगळ्यांना एकच संच मिळाला असेल असंही धरता येत नाही. म्हणजे त्या चौदा फुल्या या चौदा चुका नव्हेत. चौदा ठिकाणी तिची आठवण दुसऱ्या कुणाच्या आठवणीपुढे नमली, एवढंच त्या कागदावरून कळतं.

आणि आठवण नमते, हे तिला तिच्याच अभ्यासातून ठाऊक आहे. चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिने वाचलाच असेल, या विषयात तो टाळता येत नाही. त्याने जवळजवळ तीन दशकं प्रवास केला आणि परत मोरोक्कोला आल्यावर ते सगळं एका लेखनिकाला तोंडी सांगितलं. लिखाण १३५५ च्या सुमारास पुरं झालं. त्या लेखनिकाने काही शहरांची वर्णनं दीडेकशे वर्षांपूर्वीच्या इब्न जुबैर नावाच्या दुसऱ्याच प्रवाशाच्या लिखाणातून उचलली. वाचणाऱ्याला वाटतं, इब्न बतूता दमास्कसबद्दल स्वतः सांगतोय, आणि ते शब्द भलत्याचेच. डीबीक्यूमध्ये मुलांना सात कागदपत्रं देतात आणि नेमकं हेच विचारायला शिकवतात, की हे कोण बोलतंय, कुणासाठी, कधी, कशासाठी? तिला सांगा, तो ग्रुप आठवा कागद समज. बोलणारी कोण? स्वतःही घाबरलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. कधी? पेपरनंतर सात तासांनी. कशासाठी? आपलं बरोबर आहे हा दिलासा मिळावा म्हणून. जिचा आवाज सगळ्यात ठाम, तिचं उत्तर सगळ्यात बरोबर, असं कुठे असतं?

थोडा हिशेबही करा, तिला आकड्यांनी धीर येत असेल तर. बहुपर्यायी विभागाला एकूण गुणांच्या ४० टक्के वजन आहे. ५५ ने भागलं की एका प्रश्नाच्या वाट्याला पाऊण टक्काही येत नाही. लघुत्तरी प्रश्नांना २० टक्के, त्यात तीन प्रश्नांचे मिळून नऊ छोटे भाग, म्हणजे एक भाग सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. डीबीक्यूला २५ टक्के आणि गुण सात, म्हणजे तिथला एक गुण साडेतीन टक्क्यांच्या वर. डीबीक्यूतला एक गुण म्हणजे जवळजवळ पाच बहुपर्यायी प्रश्न. ती गाडीत बसताना काय म्हणाली होती? डीबीक्यू मस्त गेला. ते तिचं स्वतःचं, ताजं, कुणाचंही न ऐकता केलेलं मोजमाप होतं, आणि ग्रुपवरच्या साऱ्या गणतीपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवेन. चुकीच्या उत्तराला गुण कापतही नाहीत. आणि शेवटचा स्कोअर १ ते ५ मध्ये येतो. ५ मिळण्यासाठी सगळंच्या सगळं बरोबर असावं लागत नाही, त्याच्या जवळपासही नाही. निबंधात एखादं साल इकडचं तिकडे झालं असेल किंवा शब्द चुकला असेल, तर तेवढ्यासाठी निबंध आडवा करत नाहीत. घड्याळ लावून लिहिलेला तो पहिलाच मसुदा आहे हे तपासणाऱ्यांना माहीत असतं. तपासणारे म्हणजे शाळा-कॉलेजांत हाच विषय शिकवणारे लोक.

आता स्कोअर रद्द होण्याचं. इथे मी तुम्हाला गोड बोलून मोकळी होणार नाही. नियम खरा आहे. बहुपर्यायी प्रश्नांबद्दल परीक्षेनंतर कुणाशीही बोलायचं नाही, शिक्षकांशीसुद्धा नाही, आणि ही बंदी कायमची आहे. परीक्षेआधी मुलं ज्या अटी मान्य करतात त्यांत हे असतं. लेखी प्रश्नांचं थोडं वेगळं आहे. ही परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, ते काही दिवसांत आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते, त्यानंतर त्यांवर खुशाल बोलावं. पण तिला मिळालेला संच जाहीर झाला नाही, तर तेही नाही. नियम मोडला तर स्कोअर रद्द करण्याचा अधिकार बोर्डाकडे आहे. हा नियम कुणाला छळायला केलेला नाही. काही मुलांची परीक्षा आजारपणामुळे किंवा दुसऱ्या पेपराशी वेळ आदळल्यामुळे नंतर होते, काही प्रश्न पुढच्या वर्षांत पुन्हा वापरायचे असतात. एका ग्रुपवरून प्रश्न दुसऱ्या ग्रुपवर जायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मला सांगायला नको.

तिने आज काय करावं? पुढे एक अक्षर टाकू नये. आपण लिहिलेली ती दोन उत्तरं काढून टाकावीत, म्हणजे ती आणखी पसरायची थांबतील. ग्रुपवर सरळ लिहावं की हे आपण बोलायचं नाही असं ठरलेलं आहे, मी थांबते, तुम्हीही थांबा. आणि मग माझ्या मते तिने शाळेतल्या एपी को-ऑर्डिनेटरला, म्हणजे शाळेत या परीक्षांची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला, जाऊन सांगावं. प्रश्न काय होता ते उच्चारायचं नाही. 'मी परीक्षेनंतर ग्रुपवर दोन प्रश्नांबद्दल लिहिलं, ते चुकलं, काढून टाकलंय', एवढंच. बाकीच्यांनी काय केलं हे को-ऑर्डिनेटरने विचारलं तर खोटं बोलू नये, पण आपण होऊन मैत्रिणींची यादी घेऊनही जाऊ नये. स्वतःपुरतं बोलावं. पुढे काय होईल याची हमी मला देता येणार नाही, पण ही गोष्ट छातीवर ठेवून जुलैपर्यंत थांबणं तिला जास्त जड जाईल. तुम्ही शाळेच्या दारापर्यंत बरोबर जा. आत तिला एकटीला जाऊ द्या. ती हवी म्हणाली तरच आत जा.

फोनचं म्हणाल, तर हिसकावून घेऊ नका. तिच्या साऱ्या मैत्रिणी त्यात आहेत, आणि शिक्षा झाली असं वाटलं की पुढच्या वेळी ती तुमच्यापासून लपवेल. तो ग्रुप पुढचा पेपर होईपर्यंत बंद ठेवायचा, हे तिनेच मैत्रिणींना सांगायचं. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, तुमचाही त्याच्या शेजारी. तुमचाही, हे महत्त्वाचं आहे.

आणि गाडीतला तो प्रश्न. तुम्ही स्वतःच कबूल केलात, म्हणून त्यावर मी रागावणार नाही. आपण आया ते प्रेमानेच विचारतो. पण पेपरमधून बाहेर आलेल्या मुलीला 'बाकीच्यांचं काय आलं?' असं विचारलं की ती स्वतःकडे पाहायचं सोडते आणि बाकीच्यांकडे बघायला लागते. पुढच्या आठवड्यात ती पेपर देऊन गाडीत बसेल तेव्हा पाण्याची बाटली पुढे करा आणि खायचं काय ते विचारा. पेपरबद्दल तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. सव्वातीन तास वाचून-लिहून आलेल्या मुलीला बहुतेक वेळा पंधरा मिनिटं काहीच बोलायचं नसतं.

अजून एक करून पाहा, याचा मला चांगला अनुभव आहे. त्या १ ते ५५ च्या कागदाऐवजी तिला एक कोरा कागद द्या. त्यावर तिने फक्त निबंधात काय दावा केला होता आणि कुठले पुरावे दिले होते ते आठवेल तेवढं लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, तुम्हालाही नाही. लिहून झालं की कागद घडी करून कपाटात. हे एवढ्यासाठी की आज तिच्या डोक्यात मैत्रिणींची उत्तरं तिच्या उत्तरांवर चढून बसली आहेत. स्वतःचं काय होतं ते एकदा कागदावर उतरलं की ते पुन्हा तिच्या ताब्यात येतं, आणि मग दुसऱ्या विषयाचं पुस्तक उघडायला जागा होते. तिचे लेखी प्रश्न जाहीर झाले की तो कागद काढायचा. पुढे कॉलेज बोर्ड गुण देण्याचे निकष आणि मुलांच्या लिखाणाचे नमुनेही प्रसिद्ध करतं, कुठल्या निबंधाला किती गुण आणि का, असं समजावून. तुलना करायची तर त्यांच्याशी करावी. आणि त्या मैत्रिणीला चहाला बोलवावं. दोघींनी उलट मांडलंय ना, मग बसू दे समोरासमोर आणि भांडू दे पुराव्यानिशी. ज्या विषयावर भांडता येईल अशी मैत्रीण मिळणं सोपं नाही.

शाळेच्या वर्षाच्या गुणांची काळजी या स्कोअरपायी करू नका. निकाल जुलैत येतो, तोवर शाळेचं प्रगतिपुस्तक हातात आलेलं असतं. कॉलेजला हा स्कोअर कळवायचा की नाही, हेही पुष्कळसं तिच्याच हातात राहतं. दहावीतल्या मुलीसमोर अजून बऱ्याच परीक्षा आहेत आणि या एकीवर कुठलंही दार बंद होणार नाही.

को-ऑर्डिनेटरकडे जाऊन आल्यावर मला दोन ओळी लिहा. आणि तिचे प्रश्न जाहीर झाले असतील तर तिलाच लिहू दे, तिचा दावा काय होता ते. स्कोअर नंतर कळवला तरी चालेल.

तुमची,
ताई